बदलापुरात घर घेताना: आज जे आहे, त्याचेच पैसे मोजा

बदलापुरात घर बघायला लोक बहुतेक रविवारी येतात. त्या दिवशी लोकलला गर्दी कमी असते, रस्ते मोकळे असतात आणि स्टेशनबाहेर बिल्डरचा माणूस गाडी घेऊन उभा असतो. सॅम्पल फ्लॅटच्या खिडकीतून चंदेरी-माथेरानची डोंगररांग दिसते. समोरचा सेल्सवाला सांगत असतो की तिसरी-चौथी मार्गिका होतेय, चिखलोली स्टेशन होतेय, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग जवळून जातोय, उद्या मेट्रोही येईल. यातले काहीही धादांत खोटे नाही. काही कामे चालू आहेत, काही आराखड्यात आहेत. पण कर्जाचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो आणि मेट्रो कधी येईल ते करारनाम्यात कुणीच लिहून देत नाही.

म्हणून पहिला नियम असा धरा: आज गावात जे आहे, त्याचे पैसे द्या. जे होणार आहे ते झाले तर आनंदच आहे, पण त्यापोटी आजच दर चढवून मागितला तर ठामपणे नाही म्हणा. पुढचे सगळे टप्पे याच नियमावर उभे आहेत. उदाहरणे बदलापूरची आहेत, कारण हे गाव मला आतून माहीत आहे. वांगणी, नेरळ, टिटवाळा, आसनगाव किंवा पुण्याजवळचे तळेगाव बघत असाल तरी क्रम हाच ठेवा. आधी गाव, मग जमीन, मग कागद, मग पैसे, आणि सगळ्यात शेवटी टाइल्सचा रंग.

पहिला टप्पा: कामाच्या दिवशी लोकलने या

सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटरवर आहे. जलद लोकलने दीड तासाच्या आसपास लागतो. मात्र कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेला दोनच रूळ आहेत. जलद-धीमी लोकल, पुण्याकडे जाणाऱ्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या सगळ्या त्यावरूनच धावतात. एखादी गाडी मध्येच बंद पडली की मागचे सगळे थांबते, आणि पर्यायी मार्ग नाही. हे रोज होत नाही, पण पावसाळ्यात होते आणि त्या दिवशी घरी पोहोचायला रात्र होते.

तेव्हा सोमवार-मंगळवारची रजा टाका आणि तुम्हाला रोज ज्या वेळी निघायचे आहे त्याच वेळी बदलापूर स्टेशनवर उभे राहा. बदलापूरहून सुटणारी लोकल आणि कर्जत-खोपोलीहून येणारी लोकल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलीत वेळेवर गेलात तर बसायला मिळण्याची शक्यता असते, दुसरी भरूनच येते. तुमच्या ऑफिसच्या वेळेला बदलापूरहून सुटणारी गाडी आहे का, ती चुकली तर पुढची कधी आहे, हे वेळापत्रकात बघून ठेवा. संध्याकाळी ऑफिसातून निघून थेट त्या इमारतीच्या दारापर्यंत या, शेअर रिक्षाच्या रांगेसकट. घरातल्या ज्या व्यक्तीला रोज प्रवास करायचा आहे, तिनेच हे करायला हवे. नवऱ्याने गाडीतून येऊन घर पसंत करायचे आणि बायकोने वीस वर्षे लोकलला लटकायचे, असे होऊ देऊ नका.

"स्टेशनपासून दहा मिनिटे" हे वाक्य प्रत्येक जाहिरातीत असते. ते रविवारी दुपारच्या रिकाम्या रस्त्यावरचे असते. स्टेशन पूर्वेला आणि इमारत पश्चिमेला, किंवा उलट, असेल तर उड्डाणपुलावरची संध्याकाळची कोंडी त्यात धरलेली नसते. पायी किती वेळ लागतो ते स्वतः चालून बघा. रात्री साडेदहानंतर रिक्षा मिळते का, हे रिक्षा स्टँडवर विचारा. सेल्सवाल्याला विचारून उपयोग नाही.

दुसरा टप्पा: पाणी, दोन्ही अर्थांनी

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. लोक नेमका इथेच कमी देतात.

उल्हास नदी खंडाळ्या-राजमाचीकडच्या डोंगरातून उतरते आणि कर्जत, नेरळवरून बदलापूरला येते. त्यामुळे बदलापुरात पाऊस ओसरलेला असला, तरी वर घाटात जोर असेल तर इथली नदी चढते. २६ जुलै २००५ ला हे झाले, २७ जुलै २०१९ ला झाले आणि जुलै २०२१ मध्येही झाले. २०१९ च्या त्या दिवशी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. ते चित्र देशभर दिसले. पश्चिमेच्या सखल भागांतल्या तळमजल्यांत आणि पार्किंगमध्ये त्याच वेळी किती पाणी होते, ते मात्र फक्त तिथल्या लोकांना ठाऊक आहे.

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, आणि लाल पूररेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा निषिद्ध मानतात. निळी आणि लाल यांमधल्या पट्ट्यात अटींवर बांधकामाला परवानगी मिळते आणि जोते, म्हणजे इमारतीचा पाया जमिनीवर जिथवर येतो तो भाग, लाल रेषेच्या पातळीच्या वर ठेवावे लागते. म्हणजे नगरपरिषदेची परवानगी असलेली, पूर्णपणे कायदेशीर इमारतही पुराच्या पट्ट्यात असू शकते. तुमचे घर चौथ्या मजल्यावर असेल तर ते कोरडे राहील, पण लिफ्टची मोटर, पाण्याचा पंप, विजेचे मीटर आणि तुमची स्कूटर खालीच असते.

कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या नगररचना विभागात सर्व्हे नंबर देऊन पूररेषेबद्दल विचारा. त्याआधी एक सोपी गोष्ट करा. त्या गल्लीतल्या जुन्या इमारतीच्या मीटर रूमकडे बघा. मीटर नेहमीच्या उंचीवर आहेत, की डोक्याच्याही वर चढवलेले आहेत? जिन्याखालच्या भिंतीवर, कंपाउंडच्या आतल्या बाजूने, गाळाची फिकट रेघ दिसते का? मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा, "२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?" तो हाताने उंची दाखवेल. पूररेषेच्या नकाशाइतकाच भरवसा मी त्या हातावर ठेवतो.

आता नळाचे पाणी. बदलापूर-अंबरनाथला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण उल्हास नदीवरच्या बॅरेजमधून, म्हणजे बंधाऱ्यातून, पाणी देते. इमारतीपर्यंत जलवाहिनी आलेली आहे की "येणार आहे", मंजूर जोडणी किती फ्लॅटसाठी आहे, आणि एप्रिल-मेमध्ये पाणी किती वेळ येते, हे तीन प्रश्न लगतच्या सोसायटीच्या सचिवाला विचारा. वस्ती जलवाहिनीच्या आधी वाढते, हे प्रत्येक वाढत्या गावाचे दुखणे आहे. नव्या लेआउटमध्ये पहिली काही वर्षे बोअरवेल आणि टँकरवर निघतात, आणि तो खर्च मासिक देखभालीत येतो. सचिव भला असेल तर मे महिन्यातली टँकरची बिले दाखवेल. ती बिले भागिले फ्लॅटची संख्या, हा आकडा तुमच्या हप्त्याशेजारी लिहून ठेवा.

तिसरा टप्पा: शेजारी काय आहे, काय होणार आहे

बदलापूर पूर्वेला औद्योगिक वसाहत आहे आणि तिथे रासायनिक कारखाने आहेत. जानेवारी २०२४ मध्ये खरवईच्या औद्योगिक क्षेत्रात एका कारखान्यात स्फोट झाला होता. त्या बाजूचे घर बघत असाल तर रात्री अकरानंतर एकदा जाऊन उभे राहा. वास दिवसापेक्षा रात्री जास्त कळतो. कचऱ्याचे डेपो, उच्चदाब वीजवाहिन्या आणि रेल्वेरुळाचे अंतर हेही दिवसा नकाशावर आणि रात्री कानाने तपासा.

इमारत ज्या भूखंडावर आहे, त्याचा झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा नगरपरिषदेतून घ्या. जमीन निवासी विभागात आहे का, तिच्यावर रस्ता, शाळा, उद्यान किंवा सांडपाणी प्रकल्पाचे आरक्षण आहे का, ते त्यात कळते. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ इमारती आठवा. सांडपाणी प्रकल्प आणि कचरा डेपोसाठी राखलेल्या जमिनीवर त्या उभ्या राहिल्या. लोक तिथे वर्षानुवर्षे राहिले, आणि शेवटी उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्या सगळ्या पाडल्या गेल्या. राहणाऱ्यांपैकी अनेकांनी कष्टाचे पैसे मोजून घरे घेतली होती. भाग नकाशा काढायला लागणारा खर्च त्यापुढे काहीच नाही.

चौथा टप्पा: सातबारा स्वतः वाचा

शहराच्या मध्यभागी जमिनीचा प्रश्न बहुधा जुना झालेला असतो. वाढत्या गावात तसे नसते, कारण काल-परवापर्यंत तिथे भात लावला जात होता. म्हणून वकील लावाच, पण सातबाराही स्वतः वाचा. महाभूलेखच्या संकेतस्थळावर तो दिसतो आणि डिजिटल स्वाक्षरीचा उतारा थोड्या शुल्कात मिळतो.

वरच्या भागात भोगवटादार वर्ग लिहिलेला असतो. वर्ग १ असेल तर मालकाला विकायला सहसा सरकारी परवानगी लागत नाही. वर्ग २ असेल तर थांबा. ती जमीन शासनाने अटीवर दिलेली असू शकते आणि हस्तांतरणाला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी, बहुधा नजराणा (सरकारी शुल्क) भरून, लागते. ती परवानगी घेतल्याचा आदेश मागा, त्याचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. नाव वाचताना मालक म्हणून बिल्डर आहे की मूळ शेतकरी कुटुंब, तेही पाहा. शेतकरी असतील तर बिल्डरकडे नोंदणीकृत विकसन करारनामा आणि मालकांच्या वतीने सही करण्याचा अधिकार देणारे कुलमुखत्यारपत्र हवे, आणि त्यावर उताऱ्यातल्या प्रत्येक नावाची सही हवी. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावे वारस म्हणून लागलेली असतात आणि सह्या मात्र भावांच्याच असतात, हा प्रकार फार ठिकाणी आढळतो. दावे तिथूनच उभे राहतात.

मग "इतर हक्क" हा रकाना. खरी गोष्ट तिथे असते. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, "कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र" किंवा "नवीन व अविभाज्य शर्त" (दोन्हींचा अर्थ परवानगीशिवाय विकता येत नाही), वनासंबंधीची नोंद, भूसंपादनाची नोंद. ठाणे जिल्ह्यात आदिवासी खातेदारांच्या जमिनी बऱ्याच आहेत. तशी नोंद असेल आणि हस्तांतरणाची रीतसर शासकीय परवानगी नसेल, तर तो व्यवहार किती जुना आहे, त्यावर किती मजले उभे आहेत, याला अर्थ उरत नाही. जमीन मूळ आदिवासी खातेदाराला परत देण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि ती योग्यच आहे. अशा घरापासून लांब राहा.

प्रत्येक नोंदीखाली फेरफार क्रमांक असतो. फेरफार म्हणजे मालकी किंवा हक्क कसा बदलला त्याची नोंद. गेल्या ३० वर्षांचे फेरफार वकिलाकडून काढून घ्या आणि नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्या सर्व्हे नंबरचे सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) तपासा. बिल्डर मालकी हक्काचा जो शोध अहवाल देतो तो त्याच्या वकिलाचा असतो. तुमच्या वकिलाने त्यावर "पाहिले, बरोबर आहे" एवढे म्हणून चालणार नाही.

वांगणी-नेरळकडे गुंठ्यावर प्लॉट विकतात, त्याबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. सामाईक सातबाऱ्यावर दहा-बारा जणांची नावे लावून दिलेला तुकडा म्हणजे घरासाठीचा बिनशेती प्लॉट नव्हे. तसेच ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला म्हणजे बहुमजली इमारतीची बांधकाम परवानगी नव्हे, आणि घरपट्टी लागली म्हणून इमारत अधिकृत होत नाही.

पाचवा टप्पा: महारेरा क्रमांक, आणि त्याच्या पुढे

५०० चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड किंवा ८ पेक्षा जास्त सदनिका असतील तर प्रकल्पाची महारेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही बंधनकारक आहे. तो स्कॅन करा आणि प्रकल्पाच्या पानावर शांतपणे अर्धा तास घालवा. ताबा देण्याची मूळ तारीख काय होती, मुदतवाढ किती वेळा घेतली, किती सदनिका विकल्या गेल्या, जमिनीवर कर्ज आहे का, न्यायालयात दावे आहेत का, आर्किटेक्ट आणि इंजिनिअरच्या प्रमाणपत्रांत काम किती टक्के झाले म्हटले आहे. मग साइटवर जाऊन तेवढे मजले खरोखर उभे आहेत का ते मोजा.

एवढ्याने भागत नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत ६५ इमारतींनी पालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या जोडून महारेराची नोंदणी मिळवल्याचे उघड झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. ज्यांनी "रेरा आहे ना, मग झालं" म्हणून कर्ज काढून घरे घेतली, त्यांच्या डोक्यावर घर जाण्याची टांगती तलवार आली. बँकांनीही त्यांतल्या अनेकांना कर्जे दिलेली होती. म्हणजे बँकेने कर्ज मंजूर केले, याचाही अर्थ कागद निर्दोष आहेत असा घेऊ नका.

यावर उपाय एकच आहे. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत घ्या, त्यावरचा जावक क्रमांक आणि तारीख नगरपरिषदेत नेऊन पडताळा. लेखी अर्ज करा, गरज पडली तर माहितीच्या अधिकारात करा. प्रमाणपत्र किती मजल्यांपर्यंतचे आहे, हेही बघा. सात मजल्यांची परवानगी आणि नववा मजला विक्रीला, असा प्रकार असेल तर तिथून बाहेर पडा. दर कितीही कमी असो.

सहावा टप्पा: टेप घेऊन जा

बदलापुरात अजूनही "साडेसहाशेचा वन बीएचके" असे बोलले जाते. हा आकडा कशाचा, ते बोलणाऱ्यालाही सांगता येत नाही. कायद्याने विक्री चटई क्षेत्रावर, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवर, व्हायला हवी. त्यात घरातल्या आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. ४० लाखांचे घर ६५० फुटांचे म्हणून सांगितले तर फुटाला सव्वासहा हजारांच्या आत वाटते. चटई क्षेत्र ४०० फूट निघाले तर तोच दर १०,००० होतो. दोन प्रकल्पांची तुलना नेहमी याच दराने करा. जवळजवळ तयार इमारत असेल तर स्वतः टेप लावा: हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर, सगळे. सॅम्पल फ्लॅटमधला पलंग कधी कधी नेहमीपेक्षा आखूड केलेला असतो, तोही मोजा.

सातवा टप्पा: पैशांचा पूर्ण हिशेब

बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत पूर्ण झाली, राहायला हरकत नाही, असा नगरपरिषदेचा दाखला) मिळालेल्या घरावर लागत नाही. परवडणाऱ्या घराला १ टक्का, इतरांना ५ टक्के. परवडणारे म्हणजे किंमत ४५ लाखांपर्यंत आणि मुंबई महानगर प्रदेशात चटई क्षेत्र ६० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ६४५ चौरस फूट. बदलापूर महानगर प्रदेशात येते. तळेगाव येत नाही, तिथे ही मर्यादा ९० चौरस मीटर आहे.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती लाखांची आहे. ४५ लाखांच्या मर्यादेत फक्त घराची किंमत धरत नाहीत. पार्किंग, पसंतीच्या मजल्याचे जादा पैसे, विकास शुल्क, सामाईक सुविधांचे पैसे असे बिल्डर जे घेतो तेही धरतात. घर ४४ लाखांचे आणि वर पार्किंग व इतर आकारणी २ लाख, तर एकूण ४६ लाख. मग १ टक्का संपला, सगळ्या रकमेवर ५ टक्के, म्हणजे ४४ हजारांऐवजी २ लाख ३० हजार. बोलणी करताना हा आकडा समोर ठेवा.

मुद्रांक शुल्क मुळात ५ टक्के असते, त्यावर हद्दीप्रमाणे अधिभार. हिशेबासाठी मी ७ टक्के धरतो. कमी लागले तर उरतील. करारातली किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेली, किंमत यांत जी जास्त तिच्यावर ते लागते. घर फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत आहे. नोंदणी शुल्क १ टक्का, कमाल ३०,००० रुपये.

आता ४२ लाखांचे घर घेऊ. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देते, म्हणजे ३३ लाख ६० हजार. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांचा हप्ता सुमारे २९ हजार. तुमचे स्वतःचे ८ लाख ४० हजार. हे बहुतेकांनी जमवलेले असतात आणि इथेच हिशेब थांबवलेला असतो. पुढे जीएसटी ४२ हजार, मुद्रांक २ लाख ९४ हजार, नोंदणी ३० हजार. या किमतीच्या घराला बँक मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च किमतीत धरत नाही. म्हणजे हातात १२ लाखांच्या वर हवेत. याशिवाय वकील, कर्जाचे प्रक्रिया शुल्क, दोन वर्षांची आगाऊ देखभाल, वीज मीटर, ग्रिल, पंखे, ओटा, कपाटे. यासाठी आणखी दोन-तीन लाख बाजूला ठेवा. घर बांधकामाखाली असेल तर ताबा मिळेपर्यंतचे भाडे आणि कर्जाचे व्याज दोन्ही एकदम चालू राहते. ताबा एक वर्ष लांबला तर काय, हा हिशेब आजच कागदावर मांडा.

वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ९ लाखांच्या आत असेल, देशात कुठेही पक्के घर नसेल आणि घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत असेल, तर प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये १ लाख ८० हजारांपर्यंत व्याज अनुदान मिळू शकते. बँकेत स्वतःहून विचारा.

आठवा टप्पा: करारनामा

नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. "आज बुकिंग करा, उद्या दर वाढतोय" हे वाक्य ऐकून तिथल्या तिथे चेक फाडू नका. वाढू द्या. करारनाम्याचा मसुदा घरी आणा आणि महारेराच्या संकेतस्थळावरचा नमुना करारनामा शेजारी ठेवून ओळीने वाचा. नमुन्यापेक्षा जे वेगळे आहे ते ठळक करून दाखवणे बिल्डरवर बंधनकारक आहे.

वाचताना ताब्याची तारीख आणि महारेराच्या पानावरची तारीख जुळते का पाहा. ताबा लांबला तर तुम्ही पैसे व्याजासह परत मागू शकता, किंवा थांबणार असाल तर दर महिन्याचे व्याज मागू शकता. स्टेट बँकेच्या कर्जदरावर आणखी २ टक्के असा तो दर आहे. पार्किंगचा क्रमांक, लांबी-रुंदी-उंची आणि जागा परिशिष्टात हवी. मोकळ्या जागेतले पार्किंग विकता येत नाही, त्याचे पैसे मागितले तर देऊ नका. चेक प्रकल्पाच्या महारेराशी जोडलेल्या खात्यावरच काढा, मालकाच्या किंवा एजंटच्या नावावर नको. रोखीने २०,००० किंवा त्याहून जास्त देणे-घेणे कायद्याने बंद आहे. "थोडे कॅशमध्ये करू" म्हणणारा तुमचा मुद्रांक वाचवतोय असे समजू नका. व्यवहार फिसकटला तर त्या पैशांची पावती कुणाकडेच नसते. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरावर १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याला द्यायच्या पैशांतून आगाऊ कर, कापून सरकारकडे भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते.

जुने घर घेत असाल तर

माझे मत विचाराल तर वाढत्या गावात पाच-दहा वर्षांचे, सोसायटी झालेले घर पहिल्यांदा घर घेणाऱ्याला जास्त बरे. जीएसटी नाही, पाणी किती येते ते दिसते, गळती दिसते, शेजारी दिसतात, आणि इमारतीने एखादा मोठा पूर पाहिलेला असतो. भोगवटा प्रमाणपत्र आहे का ते आधी विचारा, बऱ्याच इमारतींना नसते. पहिल्या खरेदीपासूनचे सगळे करारनामे मूळ प्रतीत हवेत. भाग प्रमाणपत्र (सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट), सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, मालमत्ता कराची पावती, आणि विकणाऱ्याचे कर्ज असेल तर बँकेचे पत्र हवे. घर नव्या मालकाच्या नावावर करताना हस्तांतरण अधिमूल्य म्हणून सोसायटी महापालिका हद्दीतही २५,००० पेक्षा जास्त घेऊ शकत नाही, नगरपरिषदेच्या हद्दीत मर्यादा त्याहून कमी आहे. जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी देणे) सोसायटीच्या नावे झाले आहे का, तेही विचारा. झाले नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरशिवाय सरकारी अधिकाऱ्याकडून ते करून घेण्याचा, रस्ता आहे, पण त्यात तुम्हालाही वेळ आणि वर्गणी द्यावी लागेल, हे धरून किंमत बोला.

ताबा घेताना

भोगवटा प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय किल्ली घेऊ नका. "फिटआउटसाठी ताबा" (आतले फर्निचर वगैरे करून घेण्यापुरता) म्हणून पत्र देतात, त्यावर सही केली की उरलेले पैसे मागायला बिल्डर मोकळा होतो. प्रत्येक नळ सोडा, प्रत्येक उतार पाणी ओतून बघा, खिडक्यांच्या कडा पावसाच्या दिवशी बघा. दोष लेखी कळवा आणि पोच घ्या. बांधकामातल्या दोषांची दुरुस्ती ताब्यापासून ५ वर्षे बिल्डरने विनामूल्य करायची असते, पण तोंडी सांगितलेले पुढे कुणाला आठवत नाही.

सोसायटीसाठी बिल्डरची वाट पाहू नका. निम्म्याहून जास्त सदनिका विकल्या गेल्या की घेणाऱ्यांचा गट करा, बैठक बोलवा, नोंदणीचा अर्ज बिल्डरकडून करवून घ्या किंवा स्वतः करा. मालमत्ता कराची नोंद आणि महावितरणचे मीटर तुमच्या नावावर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच करून घ्या. सगळ्या कागदांचा एक संच घरात ठेवा आणि स्कॅन करून दुसरा संच गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे द्या. तळमजल्यावर राहत असाल, तर कागदांची पेटी माळ्यावर.